पुस्तक त्यांच्या हातात राहू द्या

पत्र

माझे सासरे 76 वर्षांचे आहेत. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि बहुतेकांत त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. गेल्या दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला. मॅक्युलर डीजनरेशन, असं निदान आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण ताटाच्या कडेची वाटी दिसते. डॉक्टर म्हणाले, आता आणखी काही करण्यासारखं नाही. दिवाळीत आम्ही त्यांना नवा फोन घेतला, त्यावर पुस्तकं ऐकायचं स्टोरीटेल ॲप घालून दिलं. तीन दिवस ऐकलं आणि फोन कपाटात ठेवला. "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे," म्हणतात. शिवाय ऐकता ऐकता डोळा लागतो, मग स्वतःवरच चिडतात. त्यांचं एक पुस्तक स्कॅन करून मिळेल का, असं ग्रंथालयात विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ते बेकायदेशीर आहे. अपंगत्वाचा दाखला काढू या म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रोज दुपारी एक पुस्तक काढून मांडीवर घेऊन बसतात. उघडत नाहीत. मुलगा आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात, त्यामुळे त्याला मराठी वाचायचा कंटाळा. मी काय करू?

— एक सून, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, मांडीवरचं पुस्तक आधी तसंच राहू द्या. "उगाच कशाला घेऊन बसता" असं घरातलं कुणी म्हणत असेल, तर त्याला गप्प करा. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आशेचं वाटलेलं वाक्य तेच आहे.

दुसरं म्हणजे, सासऱ्यांशी वाद घालू नका, कारण ते निम्मे बरोबर आहेत. पुस्तक वाचणारा माणूस सारखा काहीतरी करत असतो. मध्येच थांबतो, दोन ओळी मागे जातो, कंटाळवाणं पान उलटतो, आवडलेल्या वाक्याखाली रेघ मारतो, प्रस्तावना शेवटी वाचतो. तुम्ही फोनवर पुस्तक लावून दिलंत तेव्हा यातलं काहीच त्यांच्या हातात उरलं नाही. पुस्तक तुम्ही निवडलं, वेग निवेदकाचा, थांबवायचं तर काचेवर कुठे बोट ठेवायचं ते दिसत नाही. चाळीस वर्षं वर्गावर सत्ता गाजवलेल्या माणसाला तुम्ही शेवटच्या बाकावर बसवलंत. चांगल्या हेतूनेच, पण बसवलंत. त्यांची नजर परत आणता येणार नाही. पुस्तकावरचा ताबा मात्र बराचसा परत देता येतो. खाली जे जे सांगते आहे ते सगळं त्या एका गोष्टीसाठी.

हे मी चुकत चुकतच शिकले. ग्रंथालयात नोकरीत असताना आम्ही अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचो. माझी पहिली कादंबरी मी अगदी रंगात येऊन वाचली, म्हातारीचा आवाज वेगळा, पाटलाचा वेगळा, रडण्याच्या जागी गळा दाटून. बीएच्या एका विद्यार्थ्याने ऐकून नम्रपणे निरोप पाठवला : "मॅडम, नाटक करू नका, नुसतं वाचा. पान संपलं की पानाचा आकडा सांगा. विशेषनामं अवघड असतील तर अक्षरं फोडून सांगा. भाव आमचे आम्ही घालू." तो माझं वाचन दुप्पट वेगाने ऐकायचा, हेही नंतर कळलं. माझ्या दाटलेल्या गळ्याचं दुप्पट वेगात काय होत असेल, याची कल्पना करा.

आता डॉक्टरांच्या वाक्याबद्दल. "करण्यासारखं काही नाही" हे ते उपचाराबद्दल बोलले, वाचनाबद्दल नाही. या आजारात नजरेचा मधला भाग जातो, कडेची नजर बहुधा शाबूत राहते. त्यांना ताटाकडेची वाटी दिसते ती त्यामुळेच. म्हणून जवळच्या मोठ्या नेत्ररुग्णालयात 'लो व्हिजन'चा विभाग आहे का, ते विचारा. तिथे नुसता चष्म्याचा नंबर काढत नाहीत. उरलेली नजर कशी वापरायची ते शिकवतात : थोडं तिरकं बघणं, योग्य भिंग, दिव्याची जागा. टॅब्लेटवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, बोटभर उंचीची अक्षरं करून कदाचित ते एखादी ओळ, निदान पुस्तकाचं नाव, स्वतः वाचू शकतील. पूर्ण पुस्तक असं वाचणं दमवणारं असतं. पण कपाटातून आपल्याला हवं ते पुस्तक आपणच काढता येणं ही मोठी गोष्ट आहे.

ब्रेलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शेजारीपाजारी कुणीतरी नक्की सुचवेल. सहा ठिपक्यांची लिपी शिकायला वयाची अट नसते. तरी शहात्तराव्या वर्षी बोटांना ती सवय लागायला फार चिकाटी लागते, आणि मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर आणखी अवघड. त्यांनी आपण होऊन विचारलं तर जरूर शिकवा. मराठीत 'स्पर्शज्ञान' नावाचं ब्रेल पाक्षिक 2008 पासून आहे, हे त्यांच्या कानावर घातलंत तरी पुरे.

ग्रंथालयातल्या बाईंचं म्हणणं चुकीचं आहे. मीही ग्रंथपालच, तेव्हा हे जरा ओशाळूनच लिहिते. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि कलम 52 मध्ये 'झेडबी' हे उपकलम आलं. त्यानुसार, छापलेलं पुस्तक जसंच्या तसं वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी त्या पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करणं हा भंग नाही. प्रत तिच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी असावी. हे कुणीही करू शकतं, म्हणजे तुम्हीसुद्धा. प्रत विकायची नाही आणि गावभर वाटायची नाही, एवढं पाळा. पुढच्याच वर्षी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला 2014 मध्ये सगळ्यांत आधी अधिकृत मान्यता देणारा देश भारत होता. पुढल्या खेपेला त्या बाईंना हे गोडीत सांगा. त्यांचा दोष नाही, आमच्या प्रशिक्षणात हे फारसं कुणी शिकवत नाही.

स्कॅन करण्यात कष्ट मात्र आहेत. पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून तो गूगल डॉक्समध्ये उघडला, की चित्रातली अक्षरं मजकूर होऊन येतात. मराठीही येतं. अलीकडच्या छपाईचं पुस्तक असेल तर बरंच शुद्ध येतं. जुनं, खिळे जुळवून छापलेलं, पिवळ्या कागदाचं असेल तर रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि ऐन वाक्याच्या मधे पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव घुसतं. तुमच्या मराठीच्या सरांना ते सहन होणार नाही. कुणीतरी बसून तपासायला हवं. म्हणून सगळं कपाट स्कॅन करायच्या भरीला पडू नका. एक पुस्तक, आणि तेही त्यांनी सांगितलेलं.

पीडीएफ पुस्तकांचं आणखी एक दुखणं. मराठी पीडीएफ पुष्कळ मिळतात, पण त्यांतली कितीतरी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसते, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. फोनचा आवाज तो कचरा इमानेइतबारे वाचतो आणि घरचे म्हणतात, फोनला मराठी येत नाही. साधी परीक्षा घ्या : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर फोन वाचेल. भलतंच काही उमटलं तर ती फाइल सोडून द्या किंवा तिची पानं फोटोसारखी वर सांगितल्याप्रमाणे काढा.

याउलट, युनिकोडमधला, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणूनच कळणारा मजकूर कुठलाही साधा अँड्रॉइड फोन मराठीत वाचून दाखवतो. तुमच्याच जिल्ह्यात वाईला ज्याचं काम झालं तो मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे. वीस खंडांचा विश्वकोश कपाटातून उतरवायचा म्हणजे हात भरून येतात. आता तोंडाने शब्द सांगितला की नोंद सापडते आणि फोन ती वाचतो. मला वाटतं, सरांनी कादंबरीऐवजी इथून सुरुवात करावी. कवितेच्या एखाद्या छंदावर किंवा व्याकरणावर नोंद काय म्हणते ते ऐकतील आणि तिच्यातली एखादी चूकही काढतील. चूक काढली की समजा, माणूस वाचायला लागला. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरही कॉपीराइट संपलेली मराठी पुस्तकं याच प्रकारे वाचता येतात.

फोनबद्दल एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात त्यावरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी सोय, पहिल्याच दिवशी चालू करू नका. ते चालू झालं की फोनची सगळी वागणूक बदलते : एकदा टेकवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टेकवलं की उघडतं, पान सरकवायला दोन बोटं लागतात. शिकलेल्या माणसाला हे वरदान आहे, पण न शिकवता हाती दिलं की छळ. आधी 'सिलेक्ट टू स्पीक' पुरे, ते निवडलेला मजकूर तेवढा वाचतं. तेही नको असेल तर पेनड्राइव्ह लावायचा, खऱ्या बटनांचा स्पीकर आणा. थांबवा-सुरू करा या बटनावर खड्याची टिकली चिकटवा, मागे जाण्याच्या बटनावर दोन. हसू नका, एका आजींनी मला ही युक्ती शिकवली आणि मी ती पुढे किती घरांत पोचवली त्याची गणती नाही. अंधारातही ते हात घालून थांबवू शकतील, मागे जाऊ शकतील. ताबा म्हणते तो हाच.

झोपेचं वाईट वाटून घेऊ नये. हात रिकामे आणि डोळे मिटलेले असले तर कुणालाही पेंग येते. पलंगावर ऐकायचं नाही, ते पूर्वी जिथे बसून वाचायचे त्याच खुर्चीत, त्याच वेळी. वीस मिनिटांचा टायमर लावा, म्हणजे डोळा लागलाच तरी कथा चार प्रकरणं पुढे पळत नाही. हाताला काही काम असेल तर उत्तम. आमच्याकडचे एक वाचक ऐकताना भुईमुगाच्या शेंगा फोडायचे. शेंगांचं टरफल किती जमलं यावरून प्रकरण किती मोठं ते सांगायचे.

आणि पहिलं पुस्तक न वाचलेलं नको. पाठ असलेलं घ्या. नव्या पुस्तकात कान चाचपडतो, पात्रांची नावं निसटतात, मागचं काय होतं ते उलटून बघता येत नाही. ओळखीच्या पुस्तकात पुढे काय येणार हे माहीत असतं, त्यामुळे लक्ष शैलीकडे जातं आणि कानाला सवय होते. मराठीत बोलीच्या अंगाने लिहिलेली पुस्तकं कानाला फार चांगली. 'श्यामची आई' घ्या : साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये लिहिलेलं हे पुस्तक बेचाळीस रात्रींचं आहे, श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो आणि बाकीचे ऐकतात. एक रात्र, एक बैठक. त्याची घडणच ऐकण्याची आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तशीच, समोर बसून बोलल्यासारखी. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर तर कथाकथनाला गावोगाव हिंडले. सरांनी त्यांना कुठेतरी मांडवात बसून ऐकलेलंही असेल. तेव्हा त्यांना ते 'वाचणं नव्हे' असं वाटलं नसणार. सुरुवातीला टाळा ते वंशावळी-सनावळ्यांनी भरलेले इतिहासग्रंथ, तळटीपांची समीक्षा आणि पन्नास पात्रांच्या कादंबऱ्या. त्या पुढे येतीलच, डेझीमध्ये.

हे डेझी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. साधी ध्वनिफीत म्हणजे एक लांब दोरी, कुठे गाठ नाही. डेझी पद्धतीच्या पुस्तकाला प्रकरणं, उपप्रकरणं, पानं यांच्या गाठी मारलेल्या असतात. थेट तिसऱ्या प्रकरणावर जाता येतं, पान 112 उघडता येतं, खूण ठेवता येते, वेग कमी-जास्त करता येतो. वाचणाऱ्याच्या सगळ्या सवयी त्यात धरल्या आहेत. फोनवर ही पुस्तकं उघडायला ईझीरीडरसारखं मोफत ॲप चालतं. अशा पुस्तकांचं आपल्याकडचं सर्वांत मोठं दालन म्हणजे सुगम्य पुस्तकालय. केंद्राच्या दिव्यांगजन विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्यासोबत ते 2016 च्या ऑगस्टमध्ये सुरू केलं. ते पूर्ण ऑनलाइन आहे, अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं त्यात आहेत. फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत सभासद होता येतं. मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र या दोन्ही ठिकाणी या कामाचा चांगला अनुभव आहे. तुम्हाला जवळ पडेल ते पुणे अंधजन मंडळ, तिथे चौकशी करा. फक्त अंधांनाच हे दालन आहे असंही नाही. हात थरथरतात म्हणून पुस्तक धरता न येणारे, वाचनदोषामुळे अक्षरं न लागणारे, यांच्यासाठीही आहे. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर त्यांना सांगा.

सभासदत्वाला दाखला लागतो, आणि इथे येऊन आपण पुन्हा त्या दोन दिवसांच्या अबोल्याशी पोचतो. मी तुमच्या जागी असते तर 'अपंगत्व' हा शब्द काढलाच नसता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यांत अंधत्व वेगळं आणि अल्पदृष्टी वेगळी. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आणि कार्डासाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. पण हे सगळं नंतर. आधी त्यांना एखादं पुस्तक असं हवं असू दे की जे फक्त त्या दालनातच आहे. गरज पुस्तकाची असली की कागदाचा अपमान वाटत नाही. तरीही अडले, तर एक विचारा : पंचाहत्तरीनंतर एसटीत तिकीट लागत नाही. ते वयाचा पुरावा दाखवून बसतात ना? तिथे म्हातारपणाचा दाखला दाखवताना कधी मान खाली गेली का? (हे तुमच्याऐवजी त्यांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याने विचारलं तर बरं. सुनेने विचारलं तर आणखी दोन दिवस जातील.)

आणि कृपा करून त्यांना प्रेरणा देऊ नका. लहानपणी दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी केवढी ग्रंथरचना केली, हे मराठीच्या शिक्षकाला माहीत असतं. ज्याचं नुकतंच काही हरवलंय त्याला थोरांची उदाहरणं ऐकवली की तो आणखी एकटा पडतो. ज्ञानेश्वरी बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, म्हणजे आपला थोर ग्रंथ मुळात ऐकण्याचाच, हा मुद्दा माझ्याही जिभेवर आला होता. तो त्यांना स्वतःला सुचू द्या. सुचेल, आणि मग तुम्हाला तासभर ऐकावा लागेल.

राहता राहिला तुमचा आठवीतला मुलगा. माझ्या मते तुमच्या घरातलं सर्वांत चांगलं वाचनयंत्र तोच आहे, मराठी धड येत नाही म्हणूनच. त्याला रोज पंधरा मिनिटं आजोबांच्या खुर्चीशेजारी बसवा. पूर्ण पुस्तक वाचायचं नाही. मांडीवर जे पुस्तक असेल ते उघडायचं आणि फक्त पेन्सिलीची रेघ असलेल्या ओळी वाचायच्या. कुठलं पान, ते आधी सांगायचं. समासात काही लिहिलं असेल आणि अक्षर लागत नसेल तर विचारायचं. नवीन रेघ कुठे मारायची ते आजोबा सांगतील, पेन्सिल त्याच्या हातात.

तो अडखळेल. 'दुर्दम्य' चुकवेल, 'ऋणानुबंध' तर नक्कीच चुकवेल. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात असाल तर तिथून दुरुस्त करू नका. गॅस बारीक करा आणि बाहेरच्या खुर्चीतून काय आवाज येतो ते ऐका.